न्यूझीलंड फ्लॅक्स लावायचंय? पात नंतर बघा, आधी बुडखा बघा

फ्लॅक्स म्हटलं की आपल्याला पहिलं जवस आठवतं, काडीएवढं खोड, निळी नाजूक फुलं आणि त्या खोडातून निघणारा लिननचा धागा. हे ते झाड नाही. शोभेसाठी बागेत जे लावतात, जमिनीतूनच तलवारीसारखी लांब पाती वर काढणारं, ते फॉर्मियम. त्याला न्यूझीलंड फ्लॅक्स का म्हणतात तर १७६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजातून जे लोक न्यूझीलंडमध्ये उतरले त्यांनी बघितलं की तिथले मूळ रहिवासी माओरी या पातीचा धागा काढून दोर, मासे पकडायची जाळी, अंगावर घ्यायची वस्त्रं असं सगळंच बनवतायत, आणि धाग्याचं झाड म्हणजे फ्लॅक्स एवढंच त्यांना माहीत होतं म्हणून तेच नाव यालाही चिकटलं. जवसाशी नातं काहीच नाही, उलट डे-लिली याच्या जवळची आहे. माओरी भाषेत मोठ्या जातीला हाराकेके म्हणतात. फॉर्मियम हे नाव फोर्स्टर या वनस्पतिशास्त्रज्ञ बापलेकांनी दिलं, टोपली किंवा विणलेली वस्तू अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हे सगळं आधीच सांगतेय कारण ऑनलाइन मागवताना नुसतं फ्लॅक्स लिहिलं तर जवसाच्या बियांचं पाकीट घरी येऊ शकतं, त्यामुळे शोधताना फॉर्मियमच लिहा.

आता मुद्द्याचं. माझं पहिलं फॉर्मियम मेलं ते मी दोन बोटं खोल लावलं होतं म्हणून. खत बरोबर, पाणी बरोबर, ऊन बरोबर, पण पात जिथून निघते तो भाग मातीखाली गेला होता आणि दोन महिन्यांनी मधली पात हाताला लागली तर तशीच अलगद उपटून आली, खालचं टोक तपकिरी आणि वास येणारं. त्यानंतर मी जितकी लावली त्यांच्याकडे बघायची माझी पद्धतच बदलली. या झाडाचं वरचं सगळं, रंग, उंची, पातीचा बाक, हे बघायला छान आहे पण झाड जगतंय की मरतंय, वाढतंय की अडलंय, हे सगळं बुडाशी कळतं. विकत घेताना, लावताना, पाणी देताना, कापताना, वेगळं करताना, दर वेळी आधी खाली वाकायचं आणि बुडखा बघायचा.

बुडख्यात नेमकं काय बघायचं ते समजायला याची रचना एकदा नीट कळली पाहिजे. फॉर्मियमला वर दिसणारं खोड नसतं, जमिनीलगत जाड आडवा कंद असतो आणि त्यातून पंखे निघतात. पंखा म्हणजे खरंच हातपंख्यासारखी मांडणी, पाती एकाच पातळीत डावीकडे उजवीकडे लागलेल्या, प्रत्येक पात बुडाशी मधोमध घडी पडलेली आणि त्या घडीत आतली पात बसलेली. नवीन पात नेहमी मधून येते. माओरी विणकरांकडे या पंख्याला कुटुंब समजायची पद्धत आहे, मधली कोवळी पात म्हणजे बाळ, तिला ते रितो म्हणतात, बाळाच्या दोन्ही बाजूच्या पाती आईबाप, आणि त्यांच्या बाहेरच्या आजीआजोबा. कापायच्या फक्त आजीआजोबा, बाळ आणि आईबाप यांना हात लावायचा नाही. मला बागकामाचा इतका साधा आणि इतका अचूक नियम दुसऱ्या कुठल्या झाडाबद्दल ऐकलेला आठवत नाही, कारण बाळ गेलं तर तो पंखा संपला, त्याला दुसरं टोक फुटत नाही, आणि आईबाप कापले तर बाळाला आधार राहत नाही.

कुठलं घ्यायचं

मूळ जाती दोनच. फॉर्मियम टेनॅक्स ही मोठी, पाती ताठ आणि चांगल्या जागी ३ मीटरपर्यंत लांब, फुलाचा दांडा तर ५ मीटरपर्यंत जातो. दुसरी फॉर्मियम कोलेन्सोई, जुन्या पुस्तकांत कुकियानम नावाने सापडेल, ही डोंगराळ भागातली, पाती मऊ आणि बाहेर झुकणाऱ्या, साधारण दीड मीटरच्या आत. फरक ओळखायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेंगा, टेनॅक्सच्या शेंगा आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात आणि कोलेन्सोईच्या पीळ पडून खाली लोंबतात. बाजारात रंगीबेरंगी जे काही मिळतं ते बहुतेक या दोघींच्या संकरातून आलेलं किंवा यातल्याच एखाद्या वेगळ्या रंगाच्या झाडापासून वाढवलेलं.

घेताना रंगाला भुलू नका, आधी पूर्ण वाढल्यावर किती होणार ते विचारा. छोट्या कुंडीत सगळीच फॉर्मियम सारखी दिसतात, फूटभर उंच आणि गोंडस, आणि तीन चार वर्षांनी त्यातलं एक गुडघ्याएवढं राहतं तर दुसरं डोक्यावर जातं. कुंडीसाठी किंवा अरुंद वाफ्यासाठी जॅक स्प्रॅट, टॉम थम्ब, ब्रॉन्झ बेबी ही बुटकी, अर्धा ते पाऊण मीटरची. मधल्या मापात यलो वेव्ह, हिची पिवळी पात हिरव्या कडेची आणि कमानीसारखी वाकणारी, मला सगळ्यात आवडते ती हीच कारण सावलीच्या कोपऱ्यात ठेवली तरी तिथे उजेड पडल्यासारखं वाटतं. क्रीम डिलाइट आणि ट्रायकलर या कोलेन्सोईकडच्या, झुकणाऱ्या. जेस्टर गुलाबी आणि हिरव्या कडेची, प्लॅट्स ब्लॅक जवळजवळ काळी. सनडाउनर तपकिरी पातीला गुलाबी काठ, ही दीड मीटरच्या पुढे जाते. आणि मोठी जागा असेल, मागे भिंत किंवा कुंपण झाकायचं असेल तर सरळ टेनॅक्स किंवा तिचा तो जांभळट पर्प्युरियम प्रकार, हे माणसापेक्षा उंच होतात आणि जितके उंच तितकेच रुंद, हे रुंद होणं लोक विसरतात.

एक गोष्ट अनुभवाने सांगते, साधी हिरवी आणि साधी तपकिरी फॉर्मियम सगळ्यात चिवट. जितके रंग जास्त, गुलाबी, क्रीम, जर्दाळूसारखा, तितकी पात नाजूक, कडक उन्हात करपणार, थंडीत आधी मार खाणार आणि वाढणारही हळू, कारण पातीत हिरवा भाग कमी म्हणजे झाडाला अन्न तयार करायची जागाच कमी. पहिल्यांदा लावत असाल तर हिरवं नाहीतर ब्रॉन्झ घ्या.

आणि हो, घेताना बुडखा. पाती हाताने जरा फाकवून घडीत आत बघा, पांढरा कापसासारखा थर दिसला तर ते रोप तिथेच ठेवा, कितीही सुंदर असलं तरी. मधली पात हलकेच ओढून बघा, घट्ट बसलेली पाहिजे. कुंडीच्या भोकातून मुळ्या जाडजूड बाहेर आल्या असतील तर चालतं, फक्त लावायला उशीर करू नका. एकच मोठा पंखा असलेल्या रोपापेक्षा तीन चार लहान पंखे असलेलं रोप घेतलेलं बरं, एक गेला तरी बाकीचे राहतात.

जागा आणि ऊन

थंड किंवा मध्यम हवेच्या ठिकाणी दिवसभर ऊन चालतं, नव्हे उन्हातच रंग खुलतो, तपकिरी आणि जांभळट पाती सावलीत हिरवट मळकट होतात. पण जिथे उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो तिथे सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली अशी जागा शोधा, पूर्वेकडची भिंत किंवा एखाद्या विरळ झाडाच्या कडेला. दुपारच्या उन्हात, विशेष करून तापलेल्या सिमेंटच्या भिंतीसमोर, पातीची टोकं पांढरी पडून करपतात आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत. थंडीचं म्हणाल तर थोड्या वेळाची उणे ५ अंशांपर्यंतची थंडी बहुतेक प्रकार सोसतात, साधी हिरवी टेनॅक्स त्याहून थोडी जास्तच, रंगीत संकर मात्र कमी.

वारा आणि समुद्राची खारी हवा याचं या झाडाला काही वाटत नाही, मूळचं ते किनाऱ्यावरचं, पाणथळ जागेतलं आणि डोंगरउतारावरचं. जिथे खाऱ्या वाऱ्याने बाकी झाडांची पानं जळतात तिथे फॉर्मियमचा आडोसा करून मागे नाजूक झाडं लावता येतात. फक्त सतत जोरदार वारा असेल तर पातीची टोकं चिरून झिपऱ्या होतात, झाड मरत नाही पण दिसायला वाईट.

जागा ठरवताना आणखी एक बघा, सकाळचा किंवा संध्याकाळचा तिरपा प्रकाश झाडाच्या मागून येईल अशी जागा मिळाली तर जरूर घ्या. जांभळट पातीतून मागचं ऊन येतं तेव्हा ती अक्षरशः काचेसारखी लाल दिसते आणि हे समोरून ऊन पडणाऱ्या जागी कधीच दिसत नाही. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या अगदी कडेला मोठा प्रकार लावू नका, पातीची टोकं लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

माती आणि लावणी

इथे लोक गोंधळतात. पुस्तकात वाचतात की हे दलदलीत वाढणारं झाड, म्हणून मुद्दाम पाणी साचणाऱ्या खड्ड्यात लावतात आणि ते कुजतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टेनॅक्स मूळ ठिकाणी पाणथळ जागेत वाढते हे बरोबर, पण ती हवा थंड, पाणीही थंड, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळलेला असतो. गरम हवेत साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि मुळं कुजवणारी बुरशी मात्र जोमात, त्यामुळे जितकी तुमची हवा गरम तितका निचरा चांगला पाहिजे हा साधा हिशोब ठेवा. थंड भागात तळ्याच्या काठाला लावा खुशाल, उष्ण आणि दमट भागात मातीचा उंचवटा करून त्यावरच लावा.

माती कुठलीही चालते, वाळूची, चिकण, किंचित आम्ल किंवा किंचित अल्कली. चिकण असेल तर तिच्यात भरपूर कुजलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा, पण मिसळायचं ते पूर्ण वाफ्यात. नुसत्या खड्ड्यात भुसभुशीत भरलं आणि आजूबाजूला चिकण राहिली तर तो खड्डा बादलीसारखा पाणी धरून ठेवतो. एक छोटी परीक्षा करा, फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा, दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत जिरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी पण साचलेलं असेल तर जागा बदला नाहीतर उंचवटा करा.

लावायचं कधी, तर थंडी संपून हवा ऊबदार व्हायला लागते तेव्हा, किंवा कडक उन्हाळा ओसरल्यावर, म्हणजे मुळांना धरायला दोन तीन महिने सौम्य हवेचे मिळतील असं. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद पण खोली तेवढीच, जास्त खोल खणून परत माती टाकली तर ती नंतर दबते आणि झाड खाली बसतं, आणि खाली बसलं की पुन्हा तेच, बुडखा मातीत. कुंडीतून काढल्यावर मुळ्या गोल गोल फिरलेल्या असतील तर बोटांनी मोकळ्या करा, याच्या मुळ्या जाड आणि पिवळसर असतात आणि थोड्या तुटल्या तरी फार काही होत नाही. ठेवताना गोळ्याचा वरचा भाग जमिनीपेक्षा एक बोट वरच राहू द्या. पातीचा तो फिकट, घडी पडलेला भाग जिथे सुरू होतो तो उघडा दिसला पाहिजे, तिथे बोट फिरवलं तर हवा लागली पाहिजे. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका, भरपूर पाणी द्या, आणि माती खाली बसली का ते दोन दिवसांनी येऊन बघा.

आच्छादन जरूर घाला, सुकलेली पानं, सालीचे तुकडे, काहीही, पण बुडख्यापासून वीतभर गोल जागा मोकळी सोडून. आच्छादन बुडख्याला टेकवणं म्हणजे खोल लावण्यासारखंच आहे.

अंतर बुटक्या प्रकारांना पाऊण मीटर, मधल्यांना सव्वा ते दीड, मोठ्यांना दोन मीटर किंवा जास्त. सुरुवातीला मोकळं मोकळं दिसेल, मध्ये हंगामी काहीतरी लावून घ्या.

पाणी आणि खत

पहिलं वर्ष नियमित पाणी, वरची माती दोन बोटं कोरडी झाली की भरपूर, आणि पाणी पातींवरून न ओतता बुडख्याच्या भोवती आळ्यात. पंख्याच्या मध्ये ओतलेलं पाणी त्या घड्यांमध्ये साचून राहतं आणि गरम हवेत तिथूनच कूज सुरू होते. एकदा मुळं धरली की जमिनीतलं फॉर्मियम बऱ्यापैकी कोरडं सोसतं, पण सोसतं याचा अर्थ आवडतं असा नाही, लांब कोरड्या काळात पाती दुमडून अरुंद दिसायला लागल्या की त्याला पाणी हवंय. खत वर्षातून एकदा पुरतं, वाढीच्या सुरुवातीला दोन ओंजळ कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत बुडख्यापासून लांब पसरून. नत्राचा मारा केला तर पाती लांब आणि लुळ्या येतात आणि मधूनच मोडून पडतात.

कुंडीत लावायचं तर कुंडी जड घ्या, मातीची किंवा सिमेंटची, कारण वाढलेलं फॉर्मियम शिडासारखा वारा धरतं आणि हलकी प्लास्टिकची कुंडी आडवी होते. सुरुवात रोपाच्या गोळ्यापेक्षा चार बोटं मोठ्या कुंडीपासून, एकदम भल्यामोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं तर न वापरलेली माती ओली राहून आंबते. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, ते पाणी फार धरतं, त्यात माती, कंपोस्ट आणि तिसरा हिस्सा तरी वाळू किंवा परलाइट, म्हणजे निचऱ्यासाठी घालतात ते हलके पांढरे खडे, हवं. पोट फुगलेली आणि तोंड आवळलेली कुंडी अजिबात नको, याचा कंद आणि मुळ्या इतक्या फुगून घट्ट बसतात की झाड बाहेर काढायला कुंडीच फोडावी लागते. दोन तीन वर्षांनी मुळ्या कुंडीभर झाल्या की एकतर मोठी कुंडी नाहीतर झाड वेगळं करणं, त्याबद्दल खाली सांगतेच. बशी ठेवत असाल तर त्यात पाणी राहू देऊ नका.

पाती कापणं

कधीही, कधीही वरून शेंडे छाटून झाड सारखं करायचा प्रयत्न करू नका. कुंपणाच्या मेंदीसारखी वरून कात्री फिरवलेली फॉर्मियम मी बऱ्याच ठिकाणी बघते आणि खरंच वाईट वाटतं, प्रत्येक पातीचं कापलेलं टोक तपकिरी होतं आणि ती पात पडेपर्यंत तशीच राहते. झाड मोठं झालंय तर याचा इलाज पंखे कमी करणं. पातीची उंची हा त्याचा स्वभाव आहे, ती कापून कमी होत नाही.

कापायची ती पूर्ण पात, बुडाशी. सुकलेली, फाटलेली, डाग पडलेली बाहेरची पात निवडा, ती बाजूला धरून खालपर्यंत जा आणि धारदार सुरीने किंवा सिकेटरने तिरका काप घ्या, कापाचा उतार मधल्या बाळापासून बाहेरच्या बाजूला गेला पाहिजे म्हणजे कापलेल्या खोबणीत पाणी न थांबता बाहेर घसरतं. माओरी पद्धतीत पण काप असाच तिरका बाहेरच्या बाजूला घेतात आणि पावसात पात कापत नाहीत. किती वर्षांचं शहाणपण आहे बघा त्यात. सुरीला धार नसेल तर हात घालू नका, धाग्याचं झाड आहे हे, बोथट सुरीने पात तुटत नाही, नुसती चिरते आणि दोरे लोंबत राहतात. हातमोजे घाला, पातीची कड कापते आणि बुडाशी चिकट डिंकासारखा रस असतो.

कापलेल्या पाती कंपोस्टमध्ये अख्ख्या टाकू नका, वर्षभर तशाच राहतात, वीतभर तुकडे करा. गवत कापायच्या मशीनमध्ये एखादी पात गेली तर तिचे धागे पात्याच्या आसाभोवती गुंडाळून मशीन अडकतं, त्यामुळे लॉनच्या कडेला लावलं असेल तर मशीन फिरवायच्या आधी पडलेल्या पाती उचला. पण त्या फेकायच्या कशाला, लांबीला उभ्या फाडल्या की वेली बांधायला, टोमॅटोच्या झाडाला आधार द्यायला यासारखी सुतळी नाही, ओली असताना गाठ मारा आणि काम झालं की मातीतच जिरते.

रंगीत पट्ट्यांच्या प्रकारांमध्ये एखादा पंखा अचानक पूर्ण हिरवा किंवा पूर्ण तपकिरी येतो. झाड मूळ रंगाकडे परत चाललंय. तो पंखा जोमदार असतो म्हणून कौतुकाने ठेवला तर दोन वर्षांत तोच सगळं झाड व्यापतो आणि तुमचा गुलाबी जेस्टर गायब. दिसल्या दिसल्या काढा, पण पाती कापून उपयोग नाही, माती बाजूला करून कंदाला जिथे जोडलाय तिथून मुळासकट काढा.

फुलं सगळ्यांच्या नशिबी येत नाहीत, बुटके प्रकार आणि गरम हवेतली झाडं कमीच फुलतात. टेनॅक्सची मळकट लाल, कोलेन्सोईची पिवळट हिरवी, त्यात मध इतका असतो की न्यूझीलंडमध्ये तुई नावाचा पक्षी येऊन पितो आणि त्याच्या कपाळाला केशरी पराग लागलेले असतात. दांडा आवडत नसेल तर कापा, नुकसान नाही. फक्त लक्षात ठेवा की फुललेला पंखा त्यानंतर हळूहळू संपतो, तो आजारी नाहीये, त्याचं आयुष्य तेवढंच, बाजूला नवे फुटवे आलेले असतात. सुकला की बुडापासून काढून टाका म्हणजे नव्यांना जागा होते.

काय काय बिघडतं

सगळ्यात मोठा शत्रू पिठ्या ढेकूण. पातीच्या घडीत, अगदी खाली, जिथे आपली नजर जात नाही तिथे पांढरा कापूस करून राहतो आणि रस पितो. वरून फक्त एवढंच दिसतं की झाड रुसलंय, वाढ थांबलीय, रंग फिका पडलाय, आणि मुंग्या वर खाली करतायत. मुंग्या दिसल्या की पाती फाकवून बघाच. थोडा असेल तर बाहेरच्या लागण झालेल्या पाती बुडापासून काढून टाका, उरलेल्या घड्यांमध्ये पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग साबणाच्या सौम्य पाण्यात कडुलिंबाचं तेल मिसळून संध्याकाळी फवारा, आठ दहा दिवसांच्या अंतराने तीन चार वेळा तरी, कारण अंडी एका फवाऱ्यात जात नाहीत. कुंडीतल्या एकदोन झाडांना कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून घडी पुसून घेणं जास्त कामाचं. मुळांपर्यंत पोचला असेल आणि झाड अर्धंअधिक भरलं असेल तर मन घट्ट करा आणि ते झाड काढून टाका, नाहीतर शेजारची पण जातील. नवीन आणलेलं रोप महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायची सवय लावून घ्या.

पात पिवळी पडली तर लगेच खत घालू नका, आधी बुडखा आणि मुळं बघा. बाहेरची एखादी जुनी पात पिवळी होणं साधी गोष्ट आहे. मधली पिवळी होत असेल आणि ओढल्यावर निघून येत असेल तर कूज आहे, झाड उकरा, मऊ झालेला भाग धारदार सुरीने पांढरा घट्ट कंद लागेपर्यंत कापा, उरलेले चांगले पंखे दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि नवीन, जास्त वाळू असलेल्या मातीत लावा. न्यूझीलंडमध्ये पिवळ्या पातीचा एक वेगळा रोग आहे, तो एका तुडतुड्यामुळे पसरतो आणि त्याला औषध नाही, पण इतर ठिकाणच्या बागांमध्ये पिवळेपणाचं कारण बहुतेक वेळा साचलेलं पाणीच निघतं. पातीवर तपकिरी ठिपके आले तर ती पात काढा आणि झाडात हवा खेळती ठेवा, बाकी फार काही लागत नाही.

वर्षभर उष्ण आणि दमट अशा हवेत राहत असाल आणि दोनदा प्रयत्न करून फॉर्मियम गेलं असेल तर डायनेला लावून बघा, तिला फ्लॅक्स लिलीच म्हणतात, तशीच पंख्याची मांडणी, पांढऱ्या काठाचे प्रकार मिळतात, गुडघ्याएवढी राहते आणि गरमी, सावली दोन्ही जास्त सोसते. तो ताठ तलवारीचा रुबाब तिच्यात नाही, पण दर वर्षी मरणाऱ्या झाडापेक्षा जगणारं झाड केव्हाही चांगलं.

एकाची चार करणं

बियांपासून पण होतं, ताजं बी पेरलं तर चांगलं उगवतं, पण रंगीत प्रकाराच्या बीतून तोच रंग येत नाही, बहुतेक हिरवी नाहीतर तपकिरी रोपं मिळतात. आणि जिथे हे झाड बाहेरून आलेलं आहे आणि हवा मानवते तिथे शेंगा पिकून फुटायच्या आधी दांडे कापून टाका ही माझी विनंती आहे. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर धाग्यासाठी याची मोठी लागवड झाली होती, ब्रिटिश पोस्टाच्या पिशव्या बांधायची सुतळी तिथून जायची, मग कृत्रिम दोरी आली आणि १९६६ मध्ये तो धंदा बंद पडला, पण झाडं राहिली ती राहिलीच, डोंगरच्या डोंगर व्यापून तिथल्या मूळच्या झाडांची जागा त्यांनी घेतली आणि आज तिथे ती काढायचं काम करावं लागतंय.

हवं तेच झाड वाढवायचं तर पंखे वेगळे करणं हाच मार्ग. वेळ थंडी संपतानाची, नवीन पात फुटायला लागते तेव्हा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. लहान झाड पूर्ण उकरून काढा, मोठं असेल तर एका बाजूची माती काढून बाहेरचे चार सहा पंखेच घ्या, मधलं झाड जागेवर राहू द्या. माती झटकून किंवा पाण्याने धुऊन कंद उघडा करा म्हणजे कुठला पंखा कुठे जोडलाय ते दिसतं, आणि मग सुरी, जाड कंद असेल तर करवत किंवा धारदार कुदळ, जोडाच्या अरुंद जागी घालून वेगळं करा. प्रत्येक तुकड्याला दोन तीन पंखे आणि त्यांची स्वतःची मुळं पाहिजेत. एकट्या पंख्यालाही मुळं असतील तर तो जगतो, वेळ जास्त घेतो एवढंच. मधलं म्हातारं, पोकळ झालेलं लाकूड टाकून द्या.

आता इथे, फक्त इथेच, पाती अर्ध्यावर कापायला माझी हरकत नाही. मुळं तुटलेली असतात आणि तेवढ्या लांब पातींना पाणी पुरवणं त्यांना जमत नाही. बाहेरच्या पाती जास्त आखूड आणि मधल्या थोड्या लांब अशा, उलट्या व्ही च्या आकारात कापा, बाळाचं टोक कापलं गेलं तरी चालेल कारण पात बुडातून वाढते, पण बाळाच्या मुळाशी इजा नको. कापलेले कंद सावलीत एखादा दिवस सुकू द्या, जखम कोरडी होऊ द्या, मग आधी ज्या खोलीवर होतं त्याच खोलीवर लावा, पातीवर मातीची जुनी खूण दिसतेच. डुगडुगत असेल तर बाजूला काठी रोवून बांधा, खोल लावून घट्ट करायचा मोह होतो, तो टाळा.

पहिले पाच सहा आठवडे सावलीत ठेवा, माती ओलसर पण चिखल नको. काही दिवस ती झाडं अगदी केविलवाणी दिसतात, बाहेरची पाती सुकते, रंग जातो, आणि आपल्याला वाटतं गेलं. ओढून बघू नका. पंख्याच्या मधोमध खूण करा, म्हणजे मधल्या पातीवर आणि शेजारच्या पातीवर एका रेषेत पेनाने टिंब काढा, आणि दर आठवड्याला बघा. मधल्या पातीचं टिंब शेजारच्या टिंबाच्या वर सरकलेलं दिसलं की मुळं धरली, त्यानंतर आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवा आणि मग कायमच्या जागी न्या.